नको असलेले सोशल मीडियाचे मेल: आधी मूळ शोधा, मग बंद करा

द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव, निफाड, दिंडोरी भागातल्या निर्यातदाराचा निम्मा कारभार मेलवर चालतो. रेसिड्यू रिपोर्ट, कंटेनरचं बुकिंग, युरोपातल्या खरेदीदाराचा होकार, सगळं इनबॉक्समध्ये येतं. त्याच इनबॉक्समध्ये दिवसभर ‘तुम्ही यांना ओळखत असाल’, ‘तुमची नोटिफिकेशन्स पाहायची राहिली आहेत’, ‘अमुक यांनी नवा फोटो टाकला’ असे मेल येऊन पडत राहतात. कामाचा मेल त्यांच्याखाली जातो आणि संध्याकाळी कधीतरी सापडतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यातून मुलाखतीच्या पत्राची वाट पाहणारी मुलगी, मुक्त विद्यापीठाची सूचना शोधणारा विद्यार्थी, बँकेच्या स्टेटमेंटवर नजर ठेवणारे निवृत्त काका, सगळ्यांची अडचण हीच आहे.

बहुतेक जण यावर दोनच उपाय करतात. येईल तो मेल डिलीट करायचा, नाहीतर वैतागून स्पॅममध्ये ढकलायचा. पहिल्या उपायाने काहीच थांबत नाही. दुसऱ्याने थांबतं, पण नको ते थांबतं. ‘तुमच्या खात्यात कोणीतरी नव्या फोनवरून शिरलं आहे’ असा इशारा देणारा मेलही त्याच साइटकडून येतो. तुम्ही त्या साइटचे मेल स्पॅम ठरवत राहिलात की जीमेल ते शिकतं, आणि उद्या तो इशाराही स्पॅममध्ये जाऊन पडू शकतो.

म्हणून मेल बंद करण्याआधी तो आपल्याकडे का येतो ते शोधायचं. कारणं चार असतात. एक, तुमचंच खातं आणि त्याची नोटिफिकेशन्स. दोन, ओळखीच्या कोणीतरी आपली कॉन्टॅक्ट लिस्ट साइटला दिली आणि साइट तुम्हाला आमंत्रणं पाठवते आहे. तीन, दुसऱ्याच कोणीतरी तुमचा मेल पत्ता देऊन खातं उघडलं आहे. चार, मेल साइटचा नाहीच, ठकाचा आहे. इनबॉक्समध्ये चारही सारखेच दिसतात, पण त्यांचे उपाय निराळे आहेत, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लावला तर नुकसानही होतं.

आधी मेल तपासा

मेल उघडा, पण आतल्या कुठल्याही बटणाला हात लावू नका. पाठवणाऱ्याच्या नावाखाली ‘टू मी’ असं लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारच्या बाणावर टॅप करा. आता पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता दिसेल. नाव कोणीही काहीही लावू शकतो, त्यामुळे पत्त्यातला ‘ॲट’च्या पुढचा भाग पाहायचा. फेसबुकचे मेल ‘फेसबुकमेल डॉट कॉम’ वरून येतात. हे नाव पाहून अनेकांना तेच खोटं वाटतं, पण ते खरं आहे. इन्स्टाग्रामचे ‘मेल डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम’ वरून, लिंक्डइनचे ‘लिंक्डइन डॉट कॉम’ वरून येतात. या नावांत एखादं जादा अक्षर, जादा आडवी रेघ किंवा ‘सपोर्ट’, ‘व्हेरिफाय’ असले शब्द चिकटलेले दिसले तर थांबा आणि थेट खाली खोट्या मेलचा भाग वाचा.

त्यानंतर मेलच्या तळाशी जा. तिथे बारीक अक्षरांत बरंच काही सांगितलेलं असतं. हा मेल कोणत्या पत्त्यावर पाठवला, तो कोणासाठी होता, कशामुळे आला. लिंक्डइनच्या मेलमध्ये तळाशी तुमचं नाव आणि तुमच्या प्रोफाइलवरचा हुद्दा असतो. तुमचंच नाव असेल तर कारण पहिलं. तुमचं खातं नाही आणि मेलमध्ये ओळखीच्या माणसाचं आमंत्रण आहे, तर दुसरं. ‘नमस्कार’ भलत्याच नावाला केलेला असेल, तर तिसरं.

तुमचंच खातं असेल तर

पुराचं पाणी बहुतेक वेळा याच वाटेने येतं, म्हणून इथे जास्त वेळ द्या.

मेलच्या तळाशी अनसबस्क्राइबची लिंक असते. ती दाबली की बऱ्याच जणांना वाटतं, झालं काम. दोन दिवसांनी पुन्हा मेल येतात आणि ‘यांची लिंक चालतच नाही’ असा समज होतो. लिंक चाललेली असते, पण तिने त्या एका प्रकारचे मेल बंद केलेले असतात. साइटने मेलचे कितीतरी प्रकार पाडलेले असतात: मित्रसूचना, वाढदिवस, ग्रुपमधल्या पोस्ट, कार्यक्रम, आठवड्याचा गोषवारा, नवीन सुविधांची जाहिरात. एकेक लिंक दाबत बसण्यापेक्षा खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळे प्रकार एकदाच बंद करा.

फेसबुकवर ‘सेटिंग्ज अँड प्रायव्हसी’, मग ‘सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’ आणि तिथे सर्वांत खालच्या भागात ‘ईमेल’ हा पर्याय आहे. आत मेल किती हवेत याचे पर्याय दिसतात. त्यातला सर्वांत कमी मेलचा, म्हणजे फक्त खातं आणि सुरक्षेविषयीचे मेल येऊ देणारा पर्याय निवडा. ॲप मराठीत वापरत असाल तर हीच नावं मराठीत दिसतील. मेनूची मांडणी अधूनमधून बदलते. तसं झालं तर सेटिंग्जच्या पानावर वर शोधायची चौकट असते, तिथे ‘ईमेल’ लिहा. जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री, सोसायटी, ट्रेकिंग अशा ग्रुपांत तुम्ही असाल, तर ज्या ग्रुपमध्ये महिनोन्‌महिने डोकावला नाहीत तो सोडूनच द्या. मेलही कमी होतील आणि मोबाईलची टिंगटिंगही.

इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या तीन रेघांमधून ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जा आणि ‘ईमेल नोटिफिकेशन्स’ उघडा. तिथे अभिप्राय, आठवण, नवीन सुविधा, बातम्या अशा प्रकारांना वेगवेगळी बटणं आहेत. सगळी बंद करून टाका. सुरक्षेचे मेल यात मोडत नाहीत, ते येत राहतात.

एक्सवर काम सोपं आहे. नोटिफिकेशन्सच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘ईमेल नोटिफिकेशन्स’चं एकच मुख्य बटण असतं, ते बंद केलं की झालं. पिंटरेस्ट, कोरा यांच्याही सेटिंग्जमध्ये मेलचा वेगळा भाग आहे. कोराचा ‘डायजेस्ट’ नावाचा मेल बंद केला तरी निम्म्याहून जास्त गर्दी हटते.

लिंक्डइनला मात्र वेळ लागतो. प्रोफाइल फोटोवरून ‘सेटिंग्ज’, तिथून ‘नोटिफिकेशन्स’ उघडा. नोकरी शोधणं, इतरांशी जोडणं, पोस्ट आणि प्रतिक्रिया, मेसेज, ग्रुप, कार्यक्रम, बातम्या अशी भली मोठी यादी दिसेल. प्रत्येक विषयात आत गेल्यावर ॲपमधली सूचना, फोनवरची सूचना आणि ईमेल अशी तीन वेगळी बटणं असतात. आपल्याला फक्त ईमेलचं बटण बंद करायचं आहे. हे शांतपणे बसून, शक्यतो कॉम्प्युटरवर करा. नोकरी शोधत असाल तर एक काळजी घ्या: ‘जॉब अलर्ट’ वेगळ्या ठिकाणी असतात, जॉब्सच्या पानावर. ते सरसकट बंद न करता रोजच्याऐवजी आठवड्याला एकदा असे करा आणि जुन्या शोधांचे अलर्ट काढून टाका. पुण्यातल्या नोकरीसाठी कधीकाळी लावलेला अलर्ट नाशिकला स्थिरावल्यावरही मेल पाठवत राहतो. मेसेजचा मेल चालू ठेवावा असं माझं मत आहे, कारण कंपनीचा एचआर अनेकदा तिथेच पहिला निरोप टाकतो.

सेटिंग बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी शांतता होईल असं नाही. पाठवायला आधीच रांगेत लागलेले मेल येऊ शकतात. अमेरिकेच्या २००३ च्या ‘कॅन-स्पॅम’ कायद्यानुसार व्यापारी मेल पाठवणाऱ्याला नकार अमलात आणायला १० कामाचे दिवस मिळतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम त्याहून कडक केले. जीमेलवर दिवसाला ५ हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांनी प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकचं अनसबस्क्राइब द्यायचं आणि ते दोन दिवसांत पाळायचं. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः ‘अनसबस्क्राइब’ असा शब्द दाखवतं तो याच सोयीचा भाग. मेलच्या पोटातल्या लिंकपेक्षा तो वापरणं बरं. पासवर्ड बदलण्याचे, खात्यात शिरल्याचे, व्यवहाराचे मेल या नियमात येत नाहीत आणि ते बंद करायचेही नसतात.

पासवर्ड विसरलेल्या जुन्या खात्याचे मेल येत असतील तर आधी अनसबस्क्राइब करून पाहा, त्याला बहुधा लॉगिन लागत नाही. त्याने भागलं नाही तर ‘पासवर्ड विसरलो’ करून आत जा, मेल बंद करा आणि खातं नकोच असेल तर ते कायमचं बंद करा. क्रम हाच ठेवा: आधी मेल, मग खातं. फेसबुकचं खातं कायमचं काढायला दिलं की ३० दिवसांची मुदत असते आणि त्या काळात चुकून लॉगिन केलं तर काढण्याची विनंती रद्द करता येते, म्हणून फोनमधून ॲपही काढा. ‘डीॲक्टिव्हेट’ म्हणजे काढणं नव्हे. ते खातं नुसतं झोपलेलं असतं.

आमंत्रणं येत असतील तर

लिंक्डइनवर तुमचं खातंच नाही, तरी ‘अमुक तुम्हाला जोडू इच्छितात’ असा मेल येतो. मग त्याची आठवण येते, मग आणखी एक. ज्यांच्या नावाने मेल आला त्यांना विचारावं तर ते म्हणतात, मी काही पाठवलंच नाही. दोघंही खरं बोलत असतात. खातं उघडताना साइट ‘तुमच्या ओळखीचे लोक शोधा’ म्हणते, माणूस ‘अलाउ’ दाबतो आणि त्याच्या फोनमधले किंवा जीमेलमधले सगळे पत्ते साइटकडे जातात. त्यात द्राक्षाचा व्यापारी असतो, बँकेचा मॅनेजर असतो, मुलीचे सासरे असतात. पुढच्या पानावरचं एक बटण दाबलं की सगळ्यांना त्याच्या नावाने आमंत्रण.

या प्रकारावर अमेरिकेत लिंक्डइनविरुद्ध खटला झाला होता. पहिल्या आमंत्रणाला वापरकर्त्याने संमती दिलेली दिसते, पण त्यानंतर त्याच्या नावाने गेलेल्या दोन आठवणींना दिलेली दिसत नाही, असं म्हणत न्यायालयाने २०१४ मध्ये तो भाग पुढे चालू दिला. २०१५ मध्ये कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली. ज्याच्या नावाने मेल आला त्याच्यावर रागावण्याआधी हे लक्षात ठेवावं.

उपाय असा. मेलला उत्तर देऊ नका, ते कोणी वाचत नाही. पत्ता खरा असल्याची खात्री करून तळाची अनसबस्क्राइब लिंक दाबा. पाठवणाऱ्या एका माणसाला ब्लॉक करून उपयोग नाही, उद्या दुसऱ्याच्या यादीतून मेल येईल. आणि ओळखीच्या माणसाला फोन करून सांगा: दादा, तुमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिंक कॉन्टॅक्ट्स’ शोधा, आधी चढवलेले पत्ते काढून टाका आणि सिंक बंद करा.

मग स्वतःचंही तपासा, कारण आपल्या नावाने कोणाला काय जातं हे आपल्याला दिसत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲपच्या परवानग्या उघडून ‘कॉन्टॅक्ट्स’ची परवानगी कोणाकोणाला आहे ते पाहा आणि सोशल मीडियाची काढून घ्या. ॲप त्याने बंद पडत नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी ‘अकाउंट्स सेंटर’मध्ये कॉन्टॅक्ट अपलोड करण्याचा पर्याय आहे, तो बंद करा. गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ भागात बाहेरच्या कोणकोणत्या ॲपना तुमच्या खात्याशी जोडलं आहे त्याची यादी मिळते. ओळखू न येणारं नाव दिसलं तर ती जोडणी काढा.

दुसऱ्याचं खातं, तुमचा पत्ता

आपल्याकडे पाटील, जाधव, पवार, आहेर यांची कमी नाही, आणि नाव-आडनावाचे जीमेल पत्ते एकमेकांना फार जवळ असतात. त्यात जीमेल पत्त्यामधल्या टिंबांना काही अर्थच देत नाही. नाव आणि आडनावात टिंब घातलं काय, न घातलं काय, पत्ता एकच. आपला पत्ता टिंब असलेला आहे असं समजून दुसऱ्या कोणी तो इन्स्टाग्रामला दिला तर मेल तुमच्याकडे येतात.

मेलमध्ये ‘कन्फर्म’ बटण किंवा सहा अंकी कोड असेल तर तो वापरू नका, कोणी फोन करून मागितला तर सांगू नका. ‘हे खातं मी उघडलेलं नाही’ किंवा ‘हा पत्ता या खात्यातून काढा’ अशा अर्थाची लिंक अशा मेलमध्ये बहुधा तळाशी असते, ती वापरा. पासवर्ड बदलून त्या खात्यात शिरायचा मोह होतो, कारण मेल आपल्याच हातात असतो. तसं करू नका. खातं दुसऱ्याचं आहे, आणि परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. लिंक सापडलीच नाही तर साइटच्या मदत केंद्रावरून कळवा आणि तोवर पुढे सांगितलेला फिल्टर, म्हणजे ठरावीक मेल आपोआप बाजूला काढणारा नियम, लावा.

मेल खोटा निघाला तर

‘तुमचं पान कॉपीराइट भंगामुळे २४ तासांत बंद होईल’, ‘निळी खूण मिळवण्यासाठी इथे लॉगिन करा’ हे नेहमीचे सापळे. सिंहस्थ कुंभमेळा जवळ येतो आहे. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरमध्ये खोल्या भाड्याने देणाऱ्यांची, भोजनालयांची, टूर चालवणाऱ्यांची फेसबुक-इन्स्टाग्रामची पानं हीच त्यांची दुकानं आहेत. अशा मेलने घाबरून पासवर्ड टाकणं त्यांना सर्वांत महाग पडेल.

खोट्या मेलमधलं अनसबस्क्राइब कधीही दाबू नका. तुमचा पत्ता जिवंत आहे आणि इथला माणूस लिंक दाबतो, हे पाठवणाऱ्याला कळतं आणि मेल वाढतात. शंका असेल तर मेल तसाच सोडा आणि ॲप उघडा. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या ‘अकाउंट्स सेंटर’मध्ये ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’त ‘रीसेंट ईमेल्स’ हा भाग आहे. साइटने तुम्हाला खरोखर पाठवलेले अलीकडचे मेल तिथे दिसतात. ताजा मेल तिथे नसेल तर तो खोटा समजा आणि जीमेलच्या तीन टिंबांमधून ‘रिपोर्ट फिशिंग’ करा. इथे स्पॅम, ब्लॉक, काय हवं ते करा.

पासवर्ड टाकून बसला असाल तर लगेच तो बदला, सगळ्या यंत्रांवरून लॉगआउट करा आणि दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा.

जाता जाता एक गैरसमज. १९०९ ला ‘डीएनडी’ लावलं आहे, तरी मेल कसे येतात, असं लोक विचारतात. नको असलेल्या जाहिराती अडवण्याची ती दूरसंचार नियामक ‘ट्राय’ची सोय फोन आणि एसएमएससाठी आहे, मेलसाठी नाही. संमती जितक्या सहज दिली तितक्या सहज मागे घेता आली पाहिजे, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे.

तरीही येत राहिले तर फिल्टर

जीमेलच्या मोबाईल ॲपमध्ये नवा फिल्टर बनवता येत नाही, त्यासाठी कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडावा लागतो.

१. वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाचं रेघांचं चिन्ह दाबा.
२. ‘फ्रॉम’च्या रकान्यात साइटचा ‘ॲट’च्या पुढचा पत्ता टाका.
३. ‘डझन्ट हॅव’च्या रकान्यात पासवर्ड, सिक्युरिटी, लॉगिन, कोड हे शब्द इंग्रजीत लिहा. साइटचे मेल तुम्हाला मराठीत येत असतील तर मराठीतही. या शब्दांचे मेल फिल्टरमधून सुटून इनबॉक्समध्येच येतील.
४. ‘क्रिएट फिल्टर’ दाबून ‘स्किप द इनबॉक्स’ आणि एक लेबल निवडा. ‘डिलीट इट’ निवडू नका.

डिलीट का नको? कारण इशाऱ्याच्या मेलमध्ये तुम्ही लिहिलेला शब्द नसलाच तर तो निदान लेबलखाली सापडेल. डिलीट झालेला मेल ३० दिवसांनी कायमचा जातो.

साठलेला ढीग काढायचा असेल तर तोच पत्ता शोधा, वरची चौकट टिचकवा आणि शोधात सापडलेली सगळी संभाषणं निवडणारी ओळ दिसेल ती दाबून डिलीट करा. मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून फुकटात १५ जीबी मिळतात, वर्षानुवर्षांच्या फोटोवाल्या मेलनी त्यातला बराच भाग खाल्लेला असू शकतो.

यापुढे पत्ता देताना

धंद्याचा किंवा नोकरीच्या अर्जाचा पत्ता सोशल मीडियाला देऊच नये. वेगळा जीमेल उघडा आणि प्रत्येक साइटच्या सेटिंग्जमध्ये मुख्य पत्ता तो करा. नवा पत्ता नक्की झाल्यावरच जुना काढा. वेगळं खातं सांभाळायचं नसेल तर जीमेलच्या नावापुढे, ‘ॲट’च्या आधी, अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडून पत्ता देता येतो. मेल तुमच्याकडेच येतो, पण तो पत्ता कोणी पुढे वाटला हे कळतं आणि त्या पत्त्यावर फिल्टर लावणं सोपं जातं. काही साइट असा पत्ता घेत नाहीत.

दोनेक आठवड्यांनी जीमेलच्या डावीकडच्या मेनूमध्ये ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ उघडून पाहा. कोण किती मेल पाठवतं त्याची यादी तिथे असते, उरलेसुरले तिथूनच बंद करा.

आई-वडिलांच्या किंवा आजोबांच्या फोनवर हे सगळं करून देणार असाल तर ते शेजारी बसलेले असताना करा आणि कुठल्या साइटचे मेल त्यांना हवे आहेत ते विचारा. वाढदिवसाची आठवण करून देणारा मेल आपल्याला कचरा वाटतो, त्यांना तो हवा असू शकतो. आणि मेल नकोत म्हणून खात्याला जोडलेला त्यांचा पत्ताच काढून टाकू नका. पासवर्ड हरवला किंवा खातं कोणी बळकावलं, तर ते परत मिळवायला तोच पत्ता लागतो.